तीन महिने मागं

कर्नूल, आंध्र
८ ऑक्टोबर २०००

वैनी,

पाकिटावरचं अक्षर वाजिदभाईचं आहे. माझं ओळखलं असतं तर तुमी उघडलं नसतं, म्हणून त्याच्याकडून लिहून घेतलं. आतलं माझंच आहे. पाचवी नापासाचं, तसंच वाचा.

मी बोअरच्या गाडीवर आहो. होळीले गाव सोडलं, तेव्हा बल्लारपूरच्या या वाजिदभाईनंच लावून देल्लं. तो गाडी चालवते, मी पाईप जोडतो. पाणी लागलं की लोक नारळ फोडते, नाई लागलं की आमच्याकडं कोणी पाहत नाई. एका गावात दोन दिवस, मंग दुसरं गाव. तुमी म्हणत होत्या, भाऊजीच्या पायाले भिंगरी आहे. तर आता भिंगरीलेच चाकं लागले.

पत्र लिहाचं कारण असं की माझे केस चालले.

पोळा झाला अन् सुरू झालं. कामावर डोस्क्याले पिवळा टोप घालतो, तो काढला की आतमंधी पाखरानं घरटं केल्यासारखं दिसते. उशीवर केस, अंगावर केस, भातात केस. वरून हात फिरवला तर बोटाच्या मंधात येते अन् दुखत बी नाई. दुखलं असतं तर बरं वाटलं असतं.

इथी जो तो कारण सांगते. आमचा मिस्त्री सेलमचा आहे, तो म्हणते पाणी. आमी जमिनीतून काढतो अन् पहिली आंघोळ आमीच करतो, कुठी खारं, कुठी गंजाच्या रंगाचं. म्हणते एवढ्या गावचं पाणी एका डोस्क्याले सोसत नाई. वाजिदभाई म्हणते टोप. आत हवा जात नाई, मुळं सडते. मी म्हटलं, तुमी तर टोप घालत नाई, मंग तुमचं मैदान काऊन झालं? तो म्हणे, माझ्या अब्बांचं बी असंच होतं. म्हटलं, ते टोप घालत होते काय? तर म्हणे, नाई, ते विचार बहुत करायचे. न्हावी म्हणते पूर्ण काढून टाक, तीनदा काढले की दाट येते. पण बाप जिता असताना डोस्कं कसं काढू? कोणी गावचा भेटला तर काय समजन?

एक म्हणते चाईचा किडा लागला, रात्री केस खाते. मी आरशात पाहलं, किडा दिसला नाई. चाई लागली की रुपयाएवढं गोल पडते म्हणे, माझं तसं नाई, सगळीकडून पातळ होऊन राह्यलं.

तुमाले केसातलं समजते. तुमच्या नणदेच्या, रिंकूच्या केसाले मोहाच्या टोळीचं, बियाचं, तेल तुमीच लावत होत्या. मी तेच लावू काय, का दुसरं काही? रिंकूच्या वेळची गोठ मले काढाची नाई. तुमी सात महिन्यापासून आरमोरीले माहेरी आहा, मले माहीत आहे. कशी आहा ते विचाराचं तोंड नाई. तेलाचं तेवढं लिहा. नाई लिहिलं तरी चालन.

इसरू


कर्नूल
२९ ऑक्टोबर २०००

वैनी,

तुमचं उत्तर नाई आलं. मी म्हटलंच होतं चालन. पण आता तेलाचं राहू द्या, दुसरीच गोठ निघाली, ती तुमाले सांगितल्याशिवाय राहवत नाई.

वाजिदभाईनं मले सरकारी दवाखान्यात नेलं. बाई डॉक्टर होती, तेलुगू बोलणारी. वाजिदभाई मंधात बसून इकडचं तिकडं करे. तिनं चिमटीत पाच-सहा केस धरून ओढले, सगळे हातात आले. उजेडात धरून बुडाचं पांढरं टोक पाहलं. मले वाटलं आता विचारन काय खाता, कुठचं पाणी, कोणतं तेल. तिनं विचारलं, केस सुटले त्याच्या तीन महिने आधी तुले काय झालं होतं?

मी म्हटलं, काही नाई.

वाजिदभाईनं माझ्या पाठीवर थाप मारली. म्हणे, अरे, मिरग लागला तेव्हा टायफाईडनं तू सतरा दिवस पडून होता, मीच तुले पेज पाजत होतो, तू विसरला?

डॉक्टर बाई म्हणे, हेच ते. मोठा ताप आला की डोस्क्यातले बहुतसे केस एकदमच झोपी जाते. झोपलेला केस लगेच पडत नाई. तो जागीच राहते, कोणाले समजत नाई. दोन-तीन महिन्यानं खालून नवीन केस निघायले लागते, तेव्हा हा सुटते. म्हणजे केस पडून राह्यले याचा अर्थ नवीन येऊन राह्यले. चार-सहा महिन्यात भरून येईन. औषध काहीच देल्लं नाई. पाणी, टोप, तेल, कशाचाच संबंध नाई म्हणे. वाजिदभाईनं आपलं डोस्कं पुढं केलं. ती हसली अन् म्हणे, तुमचं तापाचं नाई, तुमचं बापाकडून आलेलं आहे, ते परत येत नसते.

येताना चहाच्या टपरीवर वाजिदभाई बोलला. त्याच्या घरी बाळंतपण झालं की शमसुन्निसाभाभीचे केस झडते, तिन्ही वेळा झडले. तीन महिन्याचं लेकरू आईले ओळखून हसायले लागलं की आईचे केस जाते, असं त्यांच्याकडं बी म्हणते, आपल्याकडं बी म्हणते. भाभी लेकरासमोर पदर घेऊन बसे. वाजिदभाई म्हणे, “तीनदा मी लेकराच्या हसन्याले दोष देल्ला रे. बाळंतपन मांगं होतं, ते कोनी मोजलंच नाई.”

वैनी, मी तिथीच बोटं मोजले.

रिंकूले ताप कधी आला होता? भादव्यात. एकवीस दिवस. तुमी तिच्या उशाशी बसून होत्या, कपाळावर पट्ट्या ठेवत होत्या. केस कधी गेले? धान निघालं तेव्हा. भादवा, अश्विन, कार्तिक. बरोबर बसते. अन् आपण सगळे काय पाहत होतो? त्या आठवड्यात काय झालं ते. कोणी फणी घेतली, कोणी दिवेलागणीले केस मोकळे सोडले, कोणतं तेल लावलं, कोणाची नजर लागली.

म्हणजे तुमच्या तेलानं काही झालं नाई. तुमच्या हातानं बी नाई. मुलवाले रिंकूले पाहाले आले अन् डोस्कं पाहून चहा न घेता गेले, त्यात तुमचा काही दोष नव्हता. तुमाले घरातून काढलं ते ताप न मोजल्यामुळं. केसाचं गाठोडं घराबाहेर गेलं, ते कोणी देल्लं, नाई देल्लं, त्याले आता काही अर्थच राह्यला नाई. गाठोड्यानं काही होतच नसते.

हे तुमाले पहिले सांगावं वाटलं. दादालेही लिहितो.

इसरू


नंद्याल
२६ नोव्हेंबर २०००

वैनी,

तुमचं कार्ड मिळालं. एकच ओळ. “भाऊजी, गॉगल कुठून आला होता?”

वाजिदभाईनं बी वाचलं अन् विचारलं, कोणता गॉगल रे? मी म्हटलं मले माहीत नाई. चार दिवस ते कार्ड खिशात होतं. पाईप चढवताना घामानं अक्षर पसरलं, तरी वाचता येत होतं.

मागच्या पत्रात मी तुमाले सांगितलं की गाठोडं कोणी देल्लं याले अर्थ नाई. ते मी तुमच्यासाठी नाई लिहिलं. डॉक्टर बाईनं ताप सांगितला तेव्हा मले पहिले काय वाटलं, तर बरं झालं, आता गॉगलची गोठ काढाची गरज नाई. तुमचा दोष बी गेला अन् माझं बी झाकलं. एका पत्रात दोन कामं. तुमी दुसरं काम पकडलं.

आता लिहितो.

मागच्या साली धान चुराले तुमी सगळे खळ्यावर गेले होते, मी पाय मुरगळला म्हणून घरी. पाय मुरगळला नव्हता. केसं घेणारा सायकलवाला आला. घरासमोरच्या सपरीच्या वाश्याले तुमचं अन् रिंकूचं केसाचं गाठोडं खोसलेलं राहते, विंचरून निघालेले केस बोटावर गुंडाळून तुमी दोघी त्यात घालत होत्या. सहा महिन्याचं झालं की तुमी त्याच्यावर वाटी घ्याच्या, नाईतर सुया, मणी. मी ते काढून त्याले देल्लं. त्यानं तळहातावर तोलून पाहलं अन् विचारलं, “एवढे केस एकाच घरातले?” मी म्हटलं हो. तो वाटी देऊन राह्यला होता, मी म्हटलं वाटी नको, तो गॉगल दे. काळा, काडीले सोनेरी रंग.

तलावाच्या पाळीमागं जाऊन घालत होतो. एक दिवस तुमी तिकडून घागर घेऊन आल्या. तुमी पाहलं. काही म्हटलं नाई, मीच घाबरून तो पाण्यात फेकला.

पुढचं तुमाले माहीत आहे, पण मी लिहिलं पाहिजे. शिवरातीच्या आधी मायनं पत्रू भगताले बोलावलं. त्यानं सुपात तांदूळ पसरले, रिंकूचे केस त्यावर ठेवले अन् म्हणे, या घरचे केस बाहेर गेले, घरच्याच हातानं. माय वाश्याकडं पाहाले लागली. गाठोडं नव्हतं. तिनं एकेकाकडं पाहलं. माझ्याकडं पाहाच्या आधी मीच बोललो.

मी म्हटलं, “वैनी त्या दिवशी केसवाल्यासंग बोलून राह्यली होती.”

ते खोटं नव्हतं, तेच तर वाईट. गाठोडं देल्लं त्याच्या आदल्या दिवशी तुमी त्याले सुयाचं विचारलं होतं, मी पाहलं होतं. मी एवढंच बोललो, बाकीचं, तुमीच केस देऊन करणी केली हे, सगळ्यांनी आपल्या मनानं पुरं केलं. तुमी माझ्याकडं पाहलं. मले वाटलं आता गॉगल म्हणतीन. तुमी म्हटलं नाई. दादा जाळं विणत होता, तो विणतच राह्यला.

एक गोठ अजून. ती मले आता समजली, अन् समजल्यावर मी गाडीच्या पायरीवर बसून राह्यलो. तो सायकलवाला म्हणे, एवढे केस एकाच घरातले? गाठोडं एवढं मोठं काऊन होतं? सहा महिन्याचं कधीच तेवढं होत नव्हतं. म्हणजे रिंकूचे केस गाठोडं जाच्या आधीच गळून राह्यले होते. गाठोडं गेलं म्हणून केस नाई गेले. केस गेले म्हणून गाठोडं मोठं झालं, अन् गाठोडं मोठं झालं म्हणून मले गॉगल भेटला. मी रिंकूच्या आजारपणावर गॉगल घेतला, अन् दोष तुमच्यावर टाकला.

एवढे दिवस मले वाटे की माझ्यामुळंच तिचे केस गेले. म्हणून मी गावातून पळालो. ते तसं नव्हतं. पण तुमचं जे झालं ते माझ्यामुळंच आहे, त्याले कोणताच ताप नाई.

इसरू


नंद्याल
२४ डिसेंबर २०००

वैनी,

पूर्ण पान लिहिलं तुमी. शिव्या देल्ल्या असत्या तर वाचाले सोपं गेलं असतं.

तुमी लिहिता की सपरीत बोलल्या नाई कारण तुमच्या बोलण्यानं मी खोटा नसतो ठरलो, तुमीच जास्त खोट्या ठरल्या असत्या. फसली म्हणून पोट्ट्यावर घालते, असं माय म्हटली असती. म्हणून मी आपल्या तोंडानं बोलीन याची तुमी वाट पाहली. शिवरात ते दिवाळी. मी पाईप मोजत होतो, तुमी वाट पाहत होत्या.

तुमी आरमोरीचं बी लिहिलं. भाऊ चांगला आहे, भावजय बी वाईट नाई, पण हातपंपावर तुमची घागर लागली की बाया आपली बाजूले घेते. भावजयीचं लेकरू तुमच्या मांडीवर आलं की ती काहीतरी काम सांगून त्याले बोलावते. तिचं चुकते असं तुमी म्हणत नाई. मी तीनदा वाचलं ते.

अन् तुमी म्हटलं तेच दादाच्या पत्रात आलं. मी त्याले तापाचं लिहिलं होतं, गॉगलचं नाई. तो लिहिते, रिंकूचे केस परत आले, आता मानेलोग पोचले. माय सगळ्यांले सांगते, मैना गेली अन् पोरीचे केस आले, पत्रू भगत बोलला तसंच झालं. तुमी लिहिता, “मी गेली अन् केस आले, हे साऱ्या गावानं पाहलं. तुमचा ताप कोनी पाहला?”

खरं आहे. केस येणारच होते. तुमी सपरीत बसल्या असत्या तरी आले असते. पण तुमी गेल्या, म्हणून तुमच्या जाण्यानं आले. आता हे कसं उलटवाचं?

मी विचार केला तो असा. माझं डोस्कं आहे. माझे केस गेले तेव्हा तुमी दूर आरमोरीले. माझ्या केसाचं गाठोडं कोणी कोणाले देल्लं नाई. अन् आता ते परत येऊन राह्यले, कोणाले घरातून काढलं नाई तरी. कानावर, मांगं बारीक निघाले, हात फिरवला की मांजराच्या पाठीसारखं लागते. म्हणून मी गावात जाऊन हे दाखवीन.

पण आता गेलो तर अर्धं टक्कल दिसन. माय काय म्हणन हे मले इथी बसून ऐकू येते. मैनेची हाय लागली म्हणन. मी सगळं खरं सांगितलं तरी लोक म्हणतीन, बाईनं दुरून केलं अन् पोट्ट्याले कबूल कराले लावलं. म्हणजे तुमी आधी घराच्या जादूवाल्या होत्या, आता मुलुखाच्या व्हाल.

तर मी म्हणतो, होळीलोग थांबू. तवरीत डोस्कं भरून येईन. मंग ठणठणीत जाऊन सांगतो. तुमाले कसं वाटते?

इसरू


कर्नूल
२१ जानेवारी २००१

वैनी,

तुमचं कार्ड संक्रांतीले भेटलं. तुमी लिहिलं, “रिंकूचे केस येन्याची वाट पाहली असती तर मले घर सोडा लागलं नसतं. आता तुमचे केस येन्याची वाट मी कशाले पाहू?”

बरोबर आहे. होळीचं मी तुमच्यासाठी म्हटलं असं लिहिलं होतं. थोडं तुमच्यासाठी होतं. बाकीचं भ्यालो म्हणून.

मी गाडीवरून सुट्टी घेतली. डॉक्टर बाईकडं जाऊन कागद मागितला. तिनं इंग्रजीत लिहाले सुरुवात केली, मी म्हटलं गावात कोणी वाचणार नाई, तारखाच लिहून द्या. तिनं दोन ओळी लिहिल्या. ताप कधी आला. केस कधी सुरू झाले. खाली सही अन् शिक्का. वाजिदभाईनं त्याच्याच खाली मराठीत तेच लिहून देल्लं. अन् मले म्हणे, टोप इथीच ठेवून जा, गावात घालून गेला तर लोक टोपाले धरतीन अन् तू सुटशीन.

चार दिवसानं निघतो. बल्लारपूरले उतरून मूल गावावरून घरी जाईन. तुमच्याकडं आधी येऊ काय असं वाटलं होतं. पण तुमाले संग घेऊन गेलो तर म्हणतीन शिकवून आणला. एकटाच जातो.

इसरू


गाव
४ फेब्रुवारी २००१

वैनी,

सांगितलं. कसं कसं झालं ते लिहितो, काही वगळत नाई.

घरी पोचलो तेव्हा माय सपरीत वाळल्या मासोळ्या निवडत होती. डोस्क्याचा दुपट्टा मी फाटकातच काढला होता. तिनं मले वरून खालून पाहलं अन् मासोळ्याचं सूप खाली ठेवलं. जेवला काय नाई, कसा आला नाई. पहिला शब्द म्हणे, “मैनेची हाय लागली.”

मले हसू आलं, इतकं बरोबर तेच निघालं. मी तिच्यासमोर खाली बसलो, म्हटलं हात फिरव. ती फिरवत नव्हती, मी तिचा हात धरून ठेवला. म्हटलं, हे काय लागते? ती म्हणे, नवीन केस. मी म्हटलं, हाय लागली तर नवीन काऊन येऊन राह्यले? कोणाले हाकललं? तिथी तर मिस्त्री होता अन् वाजिदभाई होता, दोघं बी अजून तिथीच आहे.

माय म्हणे, हाय दुरून लागते अन् दुरून सुटते. तुमाले सांगतो, तिच्याकडं प्रत्येकाले उत्तर आहे. मी तारखाचा कागद काढला, बाबानं वाचून घेतला. मंग मी म्हटलं, रिंकूले ताप कधी आला होता ते मोज. बाबा बोटावर मोजत होते. मायनं मोजलं नाई. पण बाबाचे बोटं पाहत होती.

मंग गॉगलचं सांगितलं. तापाचं सांगताना माझा आवाज मोठा होता, हे सांगताना बसला. पाय मुरगळला नव्हता, इथून सुरुवात केली. सायकलवाला, गाठोडं, पाळीमागं घातला, तुमी पाहलं, तलावात फेकला. मंग भगतासमोर काय बोललो अन् ते का बोललो. दादा दारात उभा होता. बाबा उठले. मले वाटलं मारतीन. ते फाटकालोग गेले, परत आले अन् खाटेवर बसले. म्हणे, “शिवरातीपासून ते पोट्टीसारखी पोर पराया घरी आहे.” एवढंच. वैनी, बाबानं तुमाले कधी पोर म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं.

माय म्हणे, मंग गाठोडं गेलं म्हणूनच झालं, देणारा तू असो का ती. तू देल्लं तर तुझ्या हातानं झालं. मी म्हणत होतो की गाठोडं आधीच मोठं होतं, तिले ते पटत नव्हतं. तेव्हा रिंकू आतून आली. आतापर्यंत ती चुलीजवळून ऐकत होती.

रिंकू म्हणे, “माय, ते गाठोडं मोठं मीच केलं. कार्तिकापासून रोज मूठ मूठ निघत होते. मुलवाले येनार होते म्हनून तुले दाखवत नव्हती. बोटाले गुंडाळून वाश्यात खोसत होती. वैनीले मालूम होतं. मीच तिले म्हटलं, सांगू नको.”

हे मले मालूम नव्हतं. दादाले बी नाई. म्हणजे भगतानं विचारलं तेव्हा तुमच्याकडं दोन गोष्टी होत्या, माझी अन् रिंकूची, अन् तुमी दोन्ही झाकून उठल्या. रिंकू रडली. म्हणे, मी बोलली असती तर मुलवाल्यासारखे दुसरेही गेले असते, असं वाटलं. मायनं तिले जवळ घेतलं नाई अन् दूर बी नाई केलं. ती म्हणे, मंग पत्रू एवढ्या खात्रीनं कसा बोलला? ती उठली अन् मासोळ्या पाण्यात टाकल्या. तिचं पुरं पटलं असं मी लिहिणार नाई. पण जेवताना तिनं आपल्या आपणच म्हटलं, आरमोरीले जाणारी पहिली गाडी किती वाजता आहे, ते कोणाले माहीत आहे काय?

सकाळी मी पत्रू भगताच्या घरी बी गेलो. त्याले तेच सांगितलं, सगळं. तो म्हणे, मी तर एवढंच म्हटलं होतं की घरच्या हातानं गेले, कोणाचं नाव घेतलं नाई. तेही खरं आहे. नाव मी घेतलं. मंग तलावावर, जिथी आपल्या सोसायटीची जाळी निघते, तिथी दहा-बारा माणसं होते, त्यांच्यासमोर सांगितलं. दोघं हसले. एकजण म्हणे, बाईनं चांगलाच बांधला याले. सांगून झालं की सगळ्यांले पटन असं मले वाटलं होतं, तसं होत नसते. पण सोमाजीचा पोट्टा इसरू खोटा बोलला होता, एवढं तर आता गावात आहे. ते मैनेच्या नावापेक्षा जास्त दिवस राहावं, यासाठी मी इथीच राहीन. बोअरच्या गाडीवर पुन्हा जात नाई. बाबासंग जाळी टाकतो.

आता शेवटचं. हे पत्र मी टपालात टाकत नाई. दादाच्या हाती देतो. तो उद्या पहिल्या गाडीनं निघते. मी त्याले म्हटलं, चला म्हणून हात धरून आणाचं नाई, विचाराचं, अन् त्यांनी नाई म्हटलं तर परत याचं. पाकीट चिकटवलं आहे. त्यानं वाचलं नाई. वैनी, तुमी हे स्वतः वाचू नका. त्याले वाचाले लावा, तुमच्यासमोर, मोठ्यानं. तुमचा भाऊ, भावजय असले तर त्यांच्यासमोर.

दादा, तू वाचून राह्यला असशीन तर इथीलोग माझं होतं. मी काय केलं ते मी सांगितलं. रिंकूनं तिचं सांगितलं. भगत आला त्या दिवशी तू जाळं विणत होता अन् वैनी उठून गेली तरी तू मान वर केली नाई. ते माझ्या पत्रातून सांगाचं नाई. कागद खाली ठेव अन् तू बोल.